चिलटाचे चार पंख आणि द्राक्षाची नाहीशी झालेली बी

टेंभुर्णीच्या आसपास उजनीच्या पाण्यावर ऊस, केळी, डाळिंब व द्राक्षे पिकविणाऱ्या बागाईतदारांस एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. शेकडो वेलींच्या बागेत एखाद्याच वेलीची एखादीच काडी निराळी दिसते. तिचे मणी लांबट असतात, किंवा त्यांचा रंग वेगळा असतो. अशी काडी छाटून टाकावी की जपावी, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यास एका क्षुद्र कीटकाचा अभ्यास कसा उपयोगी पडतो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

चिलटाची ओळख.— सडू लागलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी, तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे सर्वांच्या पाहण्यातील आहेत. शास्त्रज्ञ त्यांस ड्रोसोफिला म्हणतात. आंब्यात व पेरूत अळ्या पाडणारी फळमाशी ती निराळी. तिच्याशी ह्या चिलटाची गल्लत करू नये. उबदार हवेत अंडे, अळी, कोश व माशी असा ह्याचा सर्व प्रवास सुमारे दहा दिवसांत पुरा होतो. त्यामुळे आनुवंशिक गुण पिढ्यानुपिढ्या कसे उतरतात, हे एका वर्षातच पाहावयास मिळते. शिवाय ज्या सूत्रांवर आनुवंशिक गुण साठविलेले असतात, त्या गुणसूत्रांच्या ह्याच्या पेशीत अवघ्या चार जोड्या असतात. १९१० साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांस तांबड्या डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्याच्या संततीचा हिशेब ठेवून त्यांनी डोळ्याच्या रंगाचा गुण एका विशिष्ट गुणसूत्रावर असतो, असे दाखवून दिले. पुढे १९३३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुक व त्यातील बदल.— गुणसूत्रावरील अशा एकेका घटकास जनुक म्हणतात. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते. त्या नकलेत क्वचित चूक राहते व ती पुढील सर्व पेशींत उतरते. हेच उत्परिवर्तन होय. सर्वच चुका सारख्या महत्त्वाच्या नसतात. पुष्कळशा चुकांचा काहीच परिणाम दिसत नाही व काही घातक ठरतात. परंतु काही थोड्या चुका शरीराची घडणच पालटून टाकतात.

ह्याचे प्रसिद्ध उदाहरण चिलटाच्या पंखांचे आहे. चिलटाच्या छातीचे तीन खंड असतात. मधल्या खंडावर पंखांची जोडी असते. मागील खंडावर पंखांच्या जागी दोन बारीक गाठी असतात व उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम असते. १९१५ साली कॅल्विन ब्रिजेस यांस ह्या गाठींचा काही भाग पंखासारखा झालेले चिलट सापडले. त्याच धाग्यावर एडवर्ड लुईस यांनी अनेक वर्षे काम केले आणि अशी काही उत्परिवर्तने एकत्र आणून पूर्ण चार पंखांचे चिलट निर्माण केले. १९९५ सालच्या नोबेल पारितोषिकात ते भागीदार होते.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ह्या चिलटात पंख करणारे नवे जनुक आलेले नाही. मागील खंडात अल्ट्राबायथोरॅक्स नावाचे जनुक पंख घडविण्याच्या कामास आवर घालून तेथे गाठ करविते. ते तेथे निकामी झाले की मागील खंड मधल्या खंडासारखा वाढतो. म्हणजे हे जनुक स्वतः काम करणारा गडी नसून, कोणी कोठे काय करावे हे सांगणारा मुकादम आहे. मुकादम गैरहजर राहिला तर गडी काम थांबवीत नाहीत, भलतेच काम करून ठेवतात. हा मुकादम इतर जनुकांस कसा आवरतो, ह्याचा शोध पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. एल. एस. शशिधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आहे. चार पंख मिळाले म्हणून हे चिलट अधिक चांगले उडते असे मात्र नाही. तोल सांभाळणाऱ्या गाठीच गेल्यामुळे त्यास नीट उडता येत नाही.

आपल्या बागेतील उदाहरण.— थॉमसन सीडलेस द्राक्षात बी का नसते? फलधारणा तर होते. परंतु पुढे बीचे कवच कठीण होत नाही, आतील गर्भ खुरटतो व त्याचा केवळ मऊ अवशेष राहतो. ह्याचे मूळ द्राक्षाच्या एका मुकादम-जनुकातील एकाच अक्षराच्या बदलात आहे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. वाढत्या बीकडून मण्यास मिळणारी वाढीची द्रव्येही त्यामुळे कमी पडतात व मणी लहान राहतो. ती उणीव भरून काढण्यासाठीच आपण घडांस जिबरेलिक आम्लाची मात्रा देतो. रानात असा बिनबियांचा वेल वंश राखू शकला नसता. मनुष्याने काडीने लावला म्हणूनच तो टिकला.

आपल्याच जिल्ह्यातील नान्नज येथील बागाईतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधील असाच बदल हेरून लांब मण्यांची सोनाका ही जात निवडली, आणि किशमिश चोर्नी ह्या जातीतून काळ्या मण्यांची शरद सीडलेस काढली. तासगाव तालुक्यातील बोरगावची तास-ए-गणेश हीदेखील थॉमसनमधूनच निवडलेली होय. ह्या जाती प्रयोगशाळेत जन्मल्या नाहीत. शेतकऱ्याच्या नजरेतून निसटल्या नाहीत, एवढेच.

काय करावे.— तथापि प्रत्येक वेगळेपण उत्परिवर्तन नसते. शेजारच्या उसात मारलेल्या टू-फोर-डी ह्या तणनाशकाचा वारा लागला तरी द्राक्षाची पाने पंख्यासारखी आकसतात. विषाणूने, खताच्या कमतरतेने किंवा संजीवकाच्या चुकीच्या मात्रेनेही रूप पालटते. असा बदल कारण दूर होताच थांबतो, किंवा रोग असेल तर शेजारी पसरतो. यास्तव निराळ्या काडीस प्रथम खूण करून ठेवावी व पुढील हंगामात तिच्याकडे पुन्हा पाहावे. वेगळेपण टिकले व वेल निरोगी असला, तर त्याच काडीचे डोळे खुंटांवर भरून ते वेल मूळ जातीच्या शेजारी लावावेत. दोहोंस पाणी, खत व छाटणी सारखीच द्यावी आणि दोन-तीन हंगाम मण्यांचा आकार, गोडी व उत्पन्न ह्यांची नोंद वहीत ठेवावी. कित्येकदा बदल काडीच्या थोड्याच पेशींत असतो, म्हणून काही वेल मूळ रूपावर परत जातात. ते निवडून काढावेत.

एवढ्यानेही वेगळेपण कायम राहिले, तर ते आनुवंशिक आहे असे समजण्यास हरकत नाही. शेतकऱ्याने विकसित केलेल्या जातीची नोंदणी करण्याची तरतूद २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. अशा वेळी वहीतील नोंदी उपयोगी पडतात. पहिल्याच वर्षी हुरळून जाऊन त्या काड्यांवर सारी बाग बदलणे जितके अविचाराचे, तितकेच न पाहता कात्री चालविणेही तोट्याचे होय.