थंडी : एक शब्द, अनेक अर्थ

‘थंड’ हा शब्द लहान मुलासही ठाऊक असतो. हिवाळा थंड असतो, माठातील पाणी थंड असते; कोणी थंड डोक्याने विचार करतो, तर कोणाचा उत्साह थंड पडतो. नित्याच्या बोलण्यात हे अर्थ एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. परंतु शास्त्रात, व विशेषतः आरोग्याच्या बाबतीत, कोठे कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे न ओळखल्यास अनर्थ ओढवू शकतो.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने थंडी ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. पदार्थातील कणांची हालचाल जितकी मंद, तितके त्याचे तपमान कमी. बर्फाने हात गारठतो, तो बर्फातील थंडी हातात शिरल्यामुळे नव्हे, तर हातातील उष्णता बर्फाकडे गेल्यामुळे. तपमानाच्या या उतरणीलाही सीमा आहे. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या खाली कोणताही पदार्थ जाऊ शकत नाही.

मनुष्याच्या त्वचेस जाणवणारी थंडी मात्र निराळी. हिवाळ्याच्या पहाटे लाकडी दार व त्याची लोखंडी कडी यांचे तपमान सारखेच असते; तरीही कडी अधिक गार लागते. लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्याने ते हातातील उष्णता त्वरेने ओढून घेते. म्हणजेच त्वचा तपमान मोजीत नाही. उष्णता किती वेगाने जात आहे, एवढेच ती सांगते.

हवामानशास्त्रात थंडी ही तुलनेने ठरते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तपमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल व ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी उतरले असेल, तर सामान्यतः थंडीची लाट मानतात. समुद्रकिनाऱ्यावर हीच मर्यादा १५ अंशांची आहे. कारण तेथील लोकांना, पिकांना व घरांना तेवढ्या गारठ्याचीही सवय नसते.

‘सर्दी’ हा शब्द फारसीतील ‘सर्द’, म्हणजे थंड, यापासून आला. हिंदीत तो हिवाळा व पडसे या दोहोंसाठी योजतात. या नावामुळे गारठा हेच पडशाचे मूळ कारण असा समज होतो. वस्तुतः पडसे विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. म्हणून साध्या पडशात ती घेणे व्यर्थ होय. त्यांच्या अकारण वापराने जीवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

‘हिवताप’ या शब्दातील ‘हिव’ म्हणजेही थंडी. या रोगात रुग्ण हुडहुडी भरून कापू लागतो. तथापि तापमापक लावला असता पारा वर चढत असलेला दिसतो. मेंदूतील तपमाननियंत्रक केंद्र आपली पातळी उंचावते, आणि तेथवर पोहोचण्यासाठी शरीर स्नायूंच्या कंपाने उष्णता निर्माण करते. अशा वेळी ‘थंडी बाधली’ असे समजून स्वस्थ बसू नये. विनाविलंब रक्त तपासून घेणे आवश्यक असते.

लशींच्या बाबतीत थंडी ही संरक्षक असते, पण मापातच. बहुतेक लशी २ ते ८ अंशांमध्ये ठेवाव्या लागतात. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील संयुक्त लस गोठली, तर ती निकामी होते. वितळल्यावरही तिचा गुण परत येत नाही. ‘जितके थंड तितके उत्तम’ हा समज येथे बालकांच्या जिवावर बेतू शकतो.

तात्पर्य, ‘थंड’ हा शब्द ऐकताच प्रथम विचारावे : ही थंडी तापमापकाने मोजलेली आहे, त्वचेला भासलेली आहे, की केवळ नावात राहिलेली आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून उपाय योजू नये.