कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी शोषण-नळीची निवड

चाकणच्या परिसरात रब्बी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. कांदा पोसत असता पाण्याची पाळी हुकली, तर तो लहान राहतो व त्याला उणा भाव येतो. अशा वेळी ओढ्याकाठचे पंपाचे लहान इंजिन अडून बसले, की दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. परंतु कार्ब्युरेटर व सिलिंडर यांना जोडणारी शोषण-नळी, जिला मिस्त्री मॅनिफोल्ड म्हणतात, ती अयोग्य असेल तर नवा कार्ब्युरेटर बसवूनही उपयोग होत नाही.

रस्त्यावरील नव्या दुचाकींसाठी 1 एप्रिल 2020 पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि तेथे कार्ब्युरेटरची जागा इंधन-फवारणीने घेतली. पंप व लहान कोळपणी यंत्रे यांवर मात्र कार्ब्युरेटर अद्याप आहे. भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कुशल कारागीर पुष्कळ आहेत व नळी बनवून घेणे अवघड नाही. म्हणूनच कोणती नळी मागावी, हे शेतकऱ्याने जाणले पाहिजे.

नळीचे कार्य

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 15 किलो हवा लागते. कार्ब्युरेटर हे मिश्रण तयार करतो; परंतु त्यातील सर्व पेट्रोलची वाफ झालेली नसते, काही भाग सूक्ष्म थेंबांच्या रूपात असतो. हे थेंब हवेबरोबर तरंगत सिलिंडरात पोहोचविणे हे नळीचे काम होय.

रुंदी व लांबी

नळी जितकी रुंद, तितका तीतील हवेचा वेग मंद. आतील व्यास 20 मिलिमीटरवरून 25 केला, तर छेद दीडपटीहून अधिक होतो व तेवढ्याच हवेचा वेग सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. मग थेंब भिंतीवर बसतात, इंजिन सुरू होण्यास त्रास देते व ओढ आली की अडखळते. मोटारसायकलचे इंजिन पंपाच्या इंजिनापेक्षा पुष्कळ जलद फिरते. त्यास रुंद नळी शोभते. पंपाचे इंजिन ठराविक, मध्यम गतीने तासन् तास चालते. त्यास मूळ मापाचीच नळी बसवावी.

नळी आखूड व सरळ असावी. आकुर्डी येथे तयार होणाऱ्या, 1972 साली बाजारात आलेल्या चेतक स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर इंजिनाला लगटूनच बसविलेला होता. लांब नळीने मंद गतीवर ओढ वाढते हे खरे. परंतु लांब व थंड नळीत इंधन साचते. दोन वा अधिक सिलिंडर असल्यास प्रत्येकाची शाखा शक्य तितकी समान असावी. अन्यथा एका सिलिंडरचा प्लग काळा व दुसऱ्याचा पांढरा पडतो.

उष्णतेची सोय

रॉकेलची वाफ पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक उष्णतेवर होते. अमेरिकेत 1917 साली निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये यासाठी धुराच्या उष्णतेने मिश्रण तापविण्याची योजना होती. म्हणून पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची तापणारी नळी काढून साधी नळी बसवू नये. न जळलेले रॉकेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरते, वंगण पातळ करते व बेअरिंग निकामी होते. तेलकाठीवर पातळी वाढलेली दिसणे व तेलास रॉकेलचा वास येणे, ही त्याची खूण होय.

केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात याउलट काळजी घ्यावी. फार तापलेल्या कार्ब्युरेटरात पेट्रोल उकळते. जोडावर बेकेलाइटसारखा उष्णतारोधक ठोकळा असल्यास दुरुस्तीत तो वगळू नये.

तपासणी

1. नवी नळी जुन्या नळीशेजारी ठेवून आतील व्यास, लांबी व बोल्टांची छिद्रे मोजावी.
2. आतून बोट फिरवून ओतकामाचा बुरा वा पायरी नाही, हे पाहावे. गास्केटचे भोक नळीच्या भोकापेक्षा लहान नसावे.
3. इंजिन मंद चालू असता जोडावर वंगणतेलाचे थोडे थेंब सोडावे. गती बदलल्यास तेथून हवा शिरते असे समजावे. अशा हवेने मिश्रण विरळ होते, इंजिन तापते व व्हॉल्व्ह जळतो. या कामी पेट्रोल कदापि वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी लागवडीपूर्वीच करून दाखवावी. पाण्याची पाळी तोंडावर आली असता नळी शोधावयास निघणे महाग पडते.