मळणीआधी ट्रॅक्टरचा सायलेन्सर पाहून घ्या

हरभऱ्याचे घाटे वाळले, गहू पिवळा पडला की मळणीयंत्रवाल्याकडे नंबर लावण्याची घाई सुरू होते. पट्टे, बेअरिंग, पीटीओचा शाफ्ट, सगळं तपासलं जातं. बॉनेटवरच्या गंजक्या सायलेन्सरकडे मात्र कुणी बघत नाही, कारण तो फुटला तरी ट्रॅक्टर चालतोच. नुसता आवाज वाढतो, आणि आवाजाची आपल्याला सवय असते. पण मळणीच्या वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास एकाच जागी उभा राहून चढ्या रेसवर चालतो, भोवती वाळलेलं काड पसरलेलं असतं आणि हवेत भुसकट उडत असतं. गव्हाची गंजी पेटायला तिथे काजळीचा एक लालभडक कण पुरतो. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बदलायचा असेल, तर तो खळं लागायच्या आधीच बदलावा.

धड सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेली नळी आणि पत्र्याचे आडवे पडदे असतात. धूर त्यांतून वळसे घेत जातो, त्याच्या धक्क्यांचा जोर मोडतो, आणि काजळीचे तुकडे पत्र्यावर आपटून फुटतात किंवा आतच विझतात. पडदे गंजून गळून पडले की हा अडसर संपतो. बाहेरून सायलेन्सर शाबूत दिसतो, रंगही टिकलेला असतो, आत मात्र मोकळी पुंगळी उरलेली असते. याच्या उलटही घडतं. तुटलेला पडदा तोंडावर येऊन बसतो, धुराची वाट अडते, इंजिन जड पडतं, काळा धूर टाकतं आणि गरम होतं.

सायलेन्सर आतून आधी सडतो. डिझेलमध्ये थोडं गंधक असतं. ते जळून तयार होणारा वायू पाण्याच्या वाफेशी मिळाला की आम्ल बनतं. ट्रॅक्टर नांगराला किंवा रोटाव्हेटरला दिवसभर चालला तर सायलेन्सर चांगला तापतो आणि ओल उडून जाते. पण घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून डेअरीपर्यंत असा दहा-दहा मिनिटं चालणारा ट्रॅक्टर सायलेन्सर पुरता तापू देत नाही. ओल आत राहते आणि पत्रा खाते. वरून पावसाळा असतोच. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर बिजागरीचं झाकण असेल तर ते मोकळं हलतंय का, हे जूनमध्ये बघायला हवं होतं. झाकण नसेल तर रात्री रिकामा डबा उपडा घालण्याची आपली पद्धत काही वाईट नाही, फक्त सकाळी स्टार्टर मारण्याआधी तो काढायची आठवण हवी.

तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असताना लाकडी दांडक्याने सायलेन्सरवर हलकेच ठोका. आत खुळखुळ वाजलं तर पडदे सुटलेत. खालच्या बाजूला आणि जोडाजवळ जुना स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा, पत्रा दबला तर तो संपला. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीची काळी रेघ उमटली असेल आणि इंजिन चालू केल्यावर तिथून टिकटिक ऐकू येत असेल, तर पॅकिंग फुटलंय. तेवढ्यासाठी अख्खा सायलेन्सर बदलायची गरज नसते. आणि काळ्या धुराचा दोष सायलेन्सरला देण्याआधी एअर क्लीनर उघडून बघा. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा तेलाच्या वाटीचा क्लीनर असतो. त्या वाटीत चिखल साठला की काळा धूर येणारच. निळा धूर तर इंजिन ऑइलचा. तो रिंगांचा मामला आहे.

आता दुकानाकडे वळू, कारण खरी चूक तिथे होते. आपण काउंटरवर जाऊन मॉडेलचं नाव सांगतो, आणि दुकानदार मागच्या फळीवरून त्या नावाचा सायलेन्सर काढून देतो. नव्या ट्रॅक्टरला हे चालतं. वीस-तीस वर्षांच्या ट्रॅक्टरला नुसत्या नावाचा भरवसा धरू नये. मधल्या काळात कंपन्यांचेही हात बदलले. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला. स्वराजची पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी २००७ मध्ये महिंद्राच्या हातात आली. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. एकच मॉडेल वर्षानुवर्षं निघत राहिलं, तरी मधल्या काळात बेंड, फ्लँज, बॉनेटची उंची बदललेली असू शकते. त्यातही तुमच्या ट्रॅक्टरवर आधीच्या मालकाने काय काय बदललंय, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मॅनिफोल्ड दुसऱ्याच गाडीचा असतो, बेंड वेल्डिंगवाल्याने वळवलेला असतो.

म्हणून मॉडेलच्या नावाबरोबर मापं घेऊन जा. आरसी बुकावरून उत्पादनाचं वर्ष, इंजिन नंबर आणि चासी नंबर लिहून घ्या. इंजिनावरच्या पट्टीवरचा नंबर आरसीशी जुळतो का, हेही बघा, कारण इंजिन बदललेले ट्रॅक्टर कमी नाहीत. जुना सायलेन्सर पोत्यात घालून सोबत नेलात तर सगळ्यात उत्तम. तो इतका सडला असेल की हातात येताच तुकडे पडतात, तर मापं बसवलेल्या जागेवरूनच घ्यावी लागतील.

पहिलं माप जोडाचं. सायलेन्सर दोन तऱ्हांनी बसतो, फ्लँजला बोल्ट लावून किंवा पाइपवर पाइप चढवून क्लँपने आवळून. फ्लँज असेल तर बोल्टच्या भोकांचं अंतर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा, भोकं दोन, तीन की चार ते लिहा, आणि मधल्या तोंडाचा व्यास घ्या. चढवायचा पाइप असेल तर ट्रॅक्टरवरच्या पाइपचा बाहेरचा व्यास आणि नव्या सायलेन्सरच्या पाइपचा आतला व्यास जुळला पाहिजे. दुकानात नुसतं ‘दोन इंची’ म्हटलं की गोंधळ होतो. एकाच्या मनात आतलं माप असतं, दुसऱ्याच्या मनात बाहेरचं. व्हर्निअर नसेल तर पाइपच्या न गंजलेल्या भागाभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १६३ मिलिमीटर भरला तर पाइप बाहेरून साधारण ५२ मिलिमीटरचा आहे.

या मापात ‘चालतंय की’ म्हणू नका. सव्वादोन इंची, म्हणजे दोन इंच दोन सूत पाइपच्या जागी दोन इंची बसवला, तर व्यासात फरक फक्त दोन सुताचा दिसतो. धुराची वाट मात्र सुमारे एक पंचमांशाने कमी होते. ट्रॉली ओढताना ते लगेच कळणार नाही. थ्रेशर भरून चालला की कळेल.

दुसरं माप पोटाचं: लांबी, जाडी, गोल आहे की चपटा, आणि आत येणारा पाइप मधोमध आहे की एका कडेला. कडेचा पाइप असलेला सायलेन्सर उलटा बसला तर बॉनेटला घासतो. पोट जुन्यापेक्षा लहान घेऊ नका. आयशर २४१ सारख्या एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरला तर मुळीच नाही. त्याचं १५५७ सीसीचं एकच सिलिंडर धुराचा सगळा लोंढा एका दमात ढकलतं. तो लोंढा सामावायला पोकळी मोठी लागते. तीन-चार सिलिंडरच्या इंजिनात तोच धूर लहान लहान हिश्श्यांत येतो. म्हणूनच एकाचा सायलेन्सर दुसऱ्याला बसला तरी मानवेलच असं नाही. मग शेवटी उंची आणि तोंडाची दिशा बघा. धूर चालकाच्या तोंडावर यायला नको, आणि शेडच्या तुळईला नळी अडकायला नको.

द्राक्षबागेचं थोडं वेगळं आहे. नाशिककडे किंवा तासगावच्या भागात मांडवाखाली ट्रॅक्टर न्यायचा तर उभी नळी तारांना आणि काड्यांना अडकते, म्हणून सायलेन्सर खाली आडवा घेतात. बागेत तो बरोबरच आहे. पण तोच ट्रॅक्टर मार्चमध्ये गव्हाच्या थ्रेशरला जोडलात तर गरम नळी काडाच्या अगदी शेजारी येते. अशा वेळी पायाखालची जागा झाडून, पाणी मारून घ्या, नाहीतर मळणीला दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

तयार सायलेन्सर मिळतच नाही असं झालं तर गावातला वेल्डिंगवाला आहेच. त्याच्याकडून करून घेण्यात गैर काही नाही, पण त्याच्यावर सोडून देऊ नका. पहिली अट, पाण्याचा जीआय पाइप वापरायचा नाही. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या वेळी निघणारा त्याचा धूर फुफ्फुसाला वाईट आणि त्याने अंगात ताप भरतो. काळा एमएस पाइप घ्या. दुसरी अट, आत भोकांची नळी आणि पडदे हवेत. नुसता जाड पाइप वेल्ड करून दिला तर तो सायलेन्सर झाला नाही. तिसरी वजनाची. जाड पत्र्याचा सायलेन्सर जास्त टिकेल म्हणून लोक भारी माल वापरायला सांगतात. तो भार मॅनिफोल्डच्या दोन-चार स्टडवर लटकतो, वर उंच नळी हादरत राहते, आणि एक दिवस बेंडला तडा जातो किंवा स्टड आतल्या आतच तुटतो. सायलेन्सर दोनशे रुपयांनी स्वस्त पडला, पण तुटलेला स्टड काढायला मिस्त्री जे घेईल त्याचा हिशेब आधी करा. सायलेन्सर जड असेल तर इंजिनावरून आधाराची पट्टी घ्याच.

बसवताना घाई स्टड काढण्याच्या वेळी नडते. जुन्या नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. नट जराही हलला नाही तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. पुन्हा तेल, हलका ठोका, थोडं आवळून मग सैल. पॅकिंग दर वेळी नवं, आणि दोन्ही फ्लँजच्या तोंडावरची जुनी काजळी खरवडून काढा. नट पितळी मिळाले तर तेच घ्या, ते गंजून धरत नाहीत. सगळे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ट्रॅक्टर तासभर चालवून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा एकदा आवळा. वेल्डिंग ट्रॅक्टरवरच करायची वेळ आली तर आधी बॅटरीची वायर काढा आणि डिझेलची टाकी किती जवळ आहे ते बघा. शक्यतो खाली काढूनच करा.

सायलेन्सर काढून टाकला की ताकद वाढते, असा समज ऊस वाहतुकीच्या पोरांमध्ये फार आहे. योग्य मापाचा सायलेन्सर जुन्या डिझेल इंजिनाची ताकद जाणवण्याइतकी खात नाही. कान मात्र जातात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर ऐकू येणं कायमचं कमी होतं, आणि केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर ती पातळी सायलेन्सर असतानाही सहज ओलांडली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२० व्या नियमात शेतीच्या ट्रॅक्टरचं नाव घेऊन सायलेन्सर बंधनकारक केला आहे, हेही त्या पोरांना सांगा.

खळ्यासाठी सायलेन्सरच्या तोंडावर ठिणगी अडवणारी जाळी मिळाली तर बसवा आणि दर आठवड्याला काजळी झटका, नाहीतर तीच धुराची वाट बंद करेल. ट्रॅक्टर वाऱ्याकडच्या नाही, तर वारा गंजीकडून ट्रॅक्टरकडे येईल अशा बाजूला उभा करा. पाण्याचे दोन बॅरल आणि ओली पोती हाताशी असू द्या. सायलेन्सर घेतल्यावर तो रंगवण्याआधी ट्रॅक्टरवर धरून बघा, कारण रंग लागलेला किंवा वेल्ड केलेला माल दुकानदार परत घेत नाही. मळणीयंत्रवाल्याला तारीख द्याल ती हे सगळं उरकल्यावरच द्या.