*पाऊस आधी की फवारणी? डब्यातलं घड्याळ तपासा*



समजा, दुपारी 4 वाजता डाऊनीसाठी स्पर्शजन्य औषध मारलं आणि 6 वाजता जोराची सर आली. औषध धुऊन गेलं. पण सेन्सरच्या डब्यानं तोच पाऊस 12:30 चा नोंदवला, तर मोबाइलवर आधी पाऊस, मग फवारणी असं दिसणार. तुम्ही निर्धास्त, आणि पानं उघडी!

हा साडेपाच तासांचा फरक येतो कुठून? डबा वेळ घेतो जीपीएस उपग्रहांकडून. त्यांच्यात अणुघड्याळं असतात, म्हणून सगळ्या बागांतले डबे एकाच वेळेवर येतात. मात्र ती जागतिक वेळ असते. आपल्यासाठी तिच्यात *5 तास 30 मिनिटं* मिळवावी लागतात. हे सेटिंग राहिलं की घोळ.

उपग्रह सापडला नाही तर डबा स्वतःच्या स्वस्त घड्याळावर चालतो. ते महिन्याला मिनिटभर मागे-पुढे होतं, त्यानं आपलं काही बिघडत नाही. बॅटरी पार उतरली तर मात्र थेट 1970 किंवा 2000 साल दिसू शकतं.

आज ताज्या नोंदीची वेळ मोबाइलशी ताडून बघा. अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर स्क्रीनशॉट याच नंबरवर पाठवा. सेटिंगला स्वतः हात लावू नका. अँटेना पत्र्याखाली किंवा दाट वेलीत असेल तर मोकळ्या आभाळाखाली घ्या. वेळ जुळेपर्यंत त्या डब्यावर विसंबून फवारणी ठरवू नका, पाऊस कधी झाला ते वहीत लिहून ठेवा.