बार्शी लाइटचे इंजिन किती ओढू शके?

तुमच्या घरात पंढरीच्या आषाढी यात्रेला वाफेच्या गाडीने गेलेले कोणी आजोबा-आजी असतील, तर त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. गाडी स्टेशनातून सुटताना इंजिन कधी जागच्या जागी चाके फिरवीत बसे का? बहुतेक जण हसून ‘हो’ म्हणतील, आणि तो आवाजही काढून दाखवतील. आधी सावकाश भक्‌... भक्‌... भक्‌, आणि मग एकदम भकभकभकभक! धूर उसळतो, चाके गरगर फिरतात, आणि गाडी मात्र तिथेच.

असे का होते? इंजिनात जोर कमी पडला म्हणून का? नाही. जोर कमी असता तर चाके फिरलीच नसती. येथे जोर भरपूर आहे, कमी पडते आहे ते दुसरेच काहीतरी.

बाष्पकातील वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला ढकलते, दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. येथपर्यंतचा भाग तुम्हांला पाठ असेल. पण ही सारी बले इंजिनाच्या आतली आहेत. आतल्या बलाने कोणतीही वस्तू स्वतःला पुढे ढकलू शकत नाही. बैलगाडीत बसून गाडीची साटी कितीही ढकलली तरी गाडी हलत नाही. गाडीला पुढे नेणारे बल बाहेरूनच यावे लागते. ते येते रुळाकडून. चाक रुळाला मागे रेटते आणि रूळ चाकाला तेवढ्याच बलाने पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. हे रेटणे घर्षणामुळे शक्य होते. शेवाळलेल्या फरशीवर पाय जोरात मारला तर माणूस पुढे जात नाही, पाय मागे सटकतो. इंजिनाचे चाक फुकट फिरते ते याच कारणाने.

आता घर्षणाचा नियम आठवा. जास्तीत जास्त घर्षण हे घर्षणांक आणि पृष्ठभागावरील भार यांच्या गुणाकाराएवढे असते. कोरड्या, स्वच्छ रुळावर पोलादी चाकाचा घर्षणांक ढोबळमानाने पाव, म्हणजे 0.25 धरतात. याचा अर्थ असा की, ज्या चाकांना वाफ फिरवते त्या चाकांवर इंजिनाचा जेवढा भार असेल, त्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक ओढ ते इंजिन कधीच देऊ शकणार नाही. बाष्पक केवढाही मोठा बसवा, उपयोग नाही.

मग इंजिन जड करावे, झाले! पण येथे खरी अडचण सुरू होते.

बार्शी हे कापसाच्या व्यापाराचे मोठे गाव. मुंबई-सोलापूर लोहमार्ग त्याच्याजवळून गेला, पण गावात शिरला नाही. तो मार्ग 1,676 मिलिमीटर रुंदीचा, भारी रुळांचा. बार्शीपर्यंत तसाच फाटा काढणे परवडणारे नव्हते. इव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने निराळा विचार केला. (हे गृहस्थ पुढे विमानातून उतरण्याच्या हवाई छत्र्या बनवण्याच्या मागे लागले. हलकेपणाचा नाद काही सुटला नाही म्हणायचे.) त्याने 762 मिलिमीटर रुंदीचा मार्ग घेतला आणि रूळ घेतले दर मीटरला जेमतेम 15 किलोग्रॅम वजनाचे. आज मोठ्या मार्गांवर 60 किलोग्रॅमचे रूळ असतात. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारे 34 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. 1906 मध्ये फाटा पंढरपूरला पोहोचला, 1911 मध्ये दुसरीकडे लातूर गाठले गेले आणि 1927 मध्ये पंढरपूरकडून मिरज. कंपनीचे नाव ‘बार्शी लाइट रेल्वे’; लोकांनी नुसते ‘बार्शी लाइट’ केले.

हलका रूळ स्वस्त पडतो, हे खरे. पण दोन स्लीपरांच्या मध्ये रूळ म्हणजे एक तुळई आहे. चाक वर आले की ती वाकते. रुळाच्या छेदाचा आकार तोच ठेवून उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या, तर वजन चौपट होते, पण भार पेलण्याची ताकद आठपट होते. उलट बाजूने पाहा: रूळ पाव वजनाचा केला तर ताकद पाव राहत नाही, एक अष्टमांश होते! काटकसरीची ही किंमत कॅल्थ्रॉपला ठाऊक होती. म्हणून त्याने एक नियम घालून घेतला. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाचा वाघीण-डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. आस म्हणजे चाकांच्या एका जोडीला जोडणारा दांडा. आजच्या मोठ्या इंजिनांत एका आसावर सुमारे वीस टन असतात.

येथे त्याची हुशारी दिसते. रुळाला त्रास होतो तो एकूण वजनाचा नव्हे, तर एकेका आसावरच्या भाराचा. तेव्हा वजन हवेच असेल तर ते अधिक आसांवर वाटून टाकावे. लीड्स येथील किटसन कंपनीने बार्शीसाठी बनवलेली पहिली इंजिने या हिशेबाची होती. प्रत्येकात वाफेने फिरणारी आठ चाके, म्हणजे चार आस. ते आडव्या जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेले. मागे आणखी चार चाकांची बोगी, तिच्यावर कोळशाचा आणि मागच्या भागाचा भार. एकूण वजन साडेएकोणतीस टन. चार आस गुणिले पाच टन, म्हणजे वीस टन भार फिरत्या चाकांवर आला. जोडदांड्यांचा फायदा असा की, एकाच आसाखाली रूळ निसरडा असला तरी तो आस एकटा गरगर फिरू शकत नाही. बाकीचे तीन त्याला धरून ठेवतात.

आता आपण हिशेब करू. वीस टनांचा पाव हिस्सा पाच टन, म्हणजे 5,000 किलोग्रॅम-भाराएवढी ओढ. (न्यूटनमध्ये हवी असेल तर 9.8 ने गुणा.) सपाट रुळावर गाडी चालू ठेवायला दर टनामागे समजा 5 किलोग्रॅम-भार ओढ लागते. शंभरास एक असा चढ आला तर गुरुत्वाकर्षणाचे दर टनामागे आणखी 10 किलोग्रॅम-भार लागतात, एकूण 15. तेव्हा 5,000 भागिले 15, म्हणजे सुमारे 330 टन. त्यातून इंजिनाचे स्वतःचे 30 टन वजा करा. राहिले 300 टन. शंभर उतारूंसह एक डबा 15 टनांचा धरला, तर वीस डबे झाले, दोन हजार माणसे! चढाचे आणि डब्यांचे हे आकडे मी गणितासाठी घेतले आहेत, रेल्वेच्या नोंदवहीतून नव्हे. शिवाय ही सीमा फक्त पकडीची आहे. वेग वाढला की बाष्पकाला तेवढी वाफ पुरवता येत नाही आणि ओढ आपोआप घटते, ही गोष्ट वेगळीच.

आता आषाढ आणा. पंढरपूरची सर्वांत मोठी गर्दी आषाढी एकादशीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. धो धो पावसाने रूळ धुऊन निघाला तर फारसे बिघडत नाही. वाईट ती भुरभुर. रुळावरची धूळ, गंज आणि तेलाचे थेंब यांत थोडेसेच पाणी मिसळले की निसरडा लेप तयार होतो, आणि घर्षणांक निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तो 0.125 झाला असे समजा. ओढ 2,500 किलोग्रॅम-भार. भागिले 15, वजा 30: उरले सुमारे 137 टन. वीस डब्यांचे झाले नऊ! ज्या दिवशी सर्वांत जास्त माणसे न्यायची, त्याच दिवशी इंजिन निम्मेसुद्धा ओढू शकत नाही. आणि इंजिनात बिघाड तर काहीच नाही.

अशा वेळी ड्रायव्हर काय करी? एक, वाळू. फिरत्या चाकांपुढे नळ्या असतात. वरच्या पेटीतली बारीक, कोरडी वाळू त्यांतून रुळावर सोडतात. चाकाखाली कणांचा चुरा होतो आणि लेप फुटून पकड परत येते. मात्र वाळू दमट झाली तर नळीतच अडकून बसते, म्हणून पावसाळ्यात ती कोरडी ठेवणे हे मोठेच काम. दुसरा उपाय हाताचा आहे. चाक एकदा घसरू लागले की स्थितिक घर्षण संपते आणि गतिक घर्षण सुरू होते, आणि ते आणखी कमी असते. म्हणून अधिक वाफ सोडली तर घसरण वाढतच जाते. आधी वाफ तोडायची, चाकाला रूळ पुन्हा धरू द्यायचा, मग हळूहळू वाफ सोडायची. घाई करणाऱ्याची गाडी उशिरा सुटते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

आणखी एक गंमत. या इंजिनांना पाण्याचा वेगळा डबा नव्हता. टाक्या इंजिनावरच होत्या. त्यामुळे पाण्याचे वजनही पकडीला मदत करी. पण वाटेत पाणी खर्च होत जाई, तसतशी पकडही कमी होई.

ही रेल्वे 1954 मध्ये सरकारने घेतली. पुढे वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत लातूर ते मिरज सारा मार्ग 1,676 मिलिमीटरचा झाला. भारी रूळ आले, तेव्हा आसावरचा भारही वाढवता आला. सहा आसांचे, आसामागे वीस टनांचे इंजिन कोरड्या रुळावर किती ओढ देईल, ते आता तुम्हीच काढा.

घर्षणांक मात्र पुस्तकातून घेऊ नका, मोजा. स्टीलची फूटपट्टी टेबलावर आडवी ठेवा, तिच्यावर एक लोखंडी नट ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. नट ज्या क्षणी सरकेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची टेबलापासूनची उंची आणि पट्टीच्या खालचा आडवा पाया मोजा. उंची भागिले पाया, हा झाला घर्षणांक. असे दहा वेळा करून सरासरी काढा. मग पट्टीला बोटाने पाण्याचा हात लावून पुन्हा मोजा. त्यानंतर पाण्यात खडूची थोडी पूड कालवून. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब पुसून. तेलाचा प्रयोग शेवटीच करा, नाहीतर पट्टी साबणाने धुईपर्यंत पुढचे सारे आकडे चुकतील. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणीतरी हे विसरतेच.