शवर्म्याचे दुकान : जेवताना शिकण्याचा धंदा

आपले अनेक तरुण सध्या खाद्यपदार्थांच्या धंद्याकडे वळत आहेत. जळगाव-धुळ्यातही संध्याकाळी फिरत्या शिगेवरचे मांस कापून रोटीत गुंडाळून देणाऱ्या गाड्या दिसतात. हा धंदा मूळचा भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा, म्हणजे तुर्कस्तान, शाम, लेबनॉनकडील. शवर्मा हे नावच 'फिरवणे' या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आले. तिकडच्या मोहल्ल्यातील लहान उपाहारगृहाचे गणित समजून न घेता नुसती शीग आणून उभी केली, तर भांडवलही जाते आणि अब्रूही.

आम्ही कापडाचे व्यापारी, आचारी नव्हे. परंतु खरेदीसाठी मुंबईस गेलो आणि अशा दुकानात जेवायला बसलो की आमचे लक्ष ताटाइतकेच गल्ल्याकडे व भट्टीकडे असते. त्यातून जे उमगले ते व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

पहिला धडा मालाचा. या दुकानातील पदार्थ अनेक दिसतात, पण कच्चे जिन्नस मोजकेच असतात: हरभरा, तीळ, वांगे, लसूण, लिंबू, दही. हुम्मुस म्हणजे अरबीत हरभराच. काबुली हरभरा उकडून वाटायचा आणि त्यात तिळाचे वाटण, लिंबू, लसूण घालायचे. भिजवलेला हरभरा न उकडता वाटून तळला की फलाफल. मुतब्बल तर आपल्या भरिताचा सख्खा भाऊ! वांगे दोन्हीकडे विस्तवावरच भाजतात. तिकडे त्यात तीळ व लिंबू पडते, आपल्याकडे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरभरा आणि डाळ मिल आपल्याकडे आहेतच. म्हणजे या दुकानाचा निम्मा माल दारातच मिळतो, आणि तो मांसापेक्षा स्वस्तही पडतो.

दुसरा धडा शिल्लक मालाचा. कापडाचा ताका या ईदला खपला नाही तर पुढच्या लग्नसराईत खपतो. मांसाला ही सवलत नाही. समजा, शिगेवर दहा किलो मांस चढवले आणि सात किलोचेच गिऱ्हाईक आले. उरलेले तीन किलो दुसऱ्या दिवशीच्या शिगेत दडवण्याचा मोह होतो. धंदा बुडतो तो इथेच. शीग रोजच्या खपापेक्षा थोडी लहान लावावी आणि माल संपला की 'संपले' म्हणावे. त्या दिवशी चार गिऱ्हाइके परत जातील, पण उद्या ती लवकर येतील. शिवाय कोरे कापड धुतल्यावर आटते तसे मांसही भाजल्यावर घटते. भाव ठरवताना कच्चे वजन धरू नये.

तिसरा धडा सर्वांत गंभीर, कारण तो माणसाच्या जिवाचा आहे. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शवर्मा खाऊन एका सोळा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला व अनेकजण आजारी पडले. मे २०२४ मध्ये मुंबईच्या मानखुर्द भागात एकोणीस वर्षांचा तरुण दगावला आणि विक्रेत्यांना अटक झाली. दोन्ही घटना मे महिन्यातल्या आहेत हे ध्यानात घ्यावे. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. माल हलाल आहे एवढ्याने भागत नाही, तो स्वच्छ व ताजाही असला पाहिजे.

मांसाइतकाच धोका सोबतच्या पांढऱ्या चटणीत असतो. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. गंमत अशी की लेबनॉनमध्ये कोंबडीच्या शवर्म्याबरोबर 'तूम' देतात, त्यात अंडे मुळीच नसते. लसूण, मीठ, तेल आणि लिंबू घोटून ती पांढरीशुभ्र होते. मूळ रीत पाळली तर ही भीती राहत नाही.

हा धंदा करू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी पहिल्या दिवसापूर्वी करावी.
२. पहिले काही महिने हुम्मुस, फलाफल, मुतब्बल यांवर दुकान चालवावे. हात बसल्यावर शीग लावावी.
३. शिगेवरून कापलेले मांस तव्यावर पुन्हा पूर्ण शिजवूनच द्यावे. वीज गेली तर बर्फाची सोय हाताशी असावी.
४. कच्च्या मांसाचा सुरा, फळी व हात वेगळे ठेवावेत. पैसे घेणारा माणूसही वेगळा असावा.
५. पार्सलवर वेळ लिहावी आणि ते एका तासात खाण्यास सांगावे.

गिऱ्हाईक म्हणून बसणाऱ्यांनीही हेच पाहावे. रात्री उशिरा शीग भरलेली दिसली, तर हे मांस कधी चढवले, असे मालकाला विचारण्यात संकोच बाळगू नये. जो दुकानदार न चिडता उत्तर देतो, त्याच्याकडेच पोराबाळांना घेऊन जावे.