गरोदरपणात इसब

सुनेला सहावा महिना लागला. जुना इसब पुन्हा उठला. मान आणि कोपर लाल झाले. ती रात्रभर खाजवी.

सासूबाई म्हणाल्या, "दुकानातलं मलम आणू का गं?"

"नको आत्याबाई. त्यात काय असतं कोण जाणे! दवाखान्यात विचारू."

डॉक्टरीणबाईंनी तपासले. त्या म्हणाल्या, "इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही. कोमट पाण्याने झटपट आंघोळ कर. अंग ओलसर असतानाच बिनवासाचे व्हॅसलीन लाव. नखे काप. सुती कपडे घाल. हे मलम सांगते तेवढेच लाव. बाळाला अपाय नाही. पू झाला, ताप आला किंवा तळहात-तळपाय फार खाजू लागले, तर त्याच दिवशी ये."

आठ दिवसांत सुनेला झोप लागू लागली.

बायांनो, मनाने मलम लावू नका. खाज मुकाट्याने सोसूही नका.